चिमणरावांचे जनक : चिं. वि. जोशी

जीवन : मराठीतील ख्यातनाम विनोदकार चिंतामण विनायक जोशी यांचा जन्म 1892 मध्ये पुण्यात झाला आणि 1963 मध्ये त्यांचे निधन झाले.

अध्यापन : बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांच्याकडे त्यांनी पाली, म्हणजे बौद्धांचे प्राचीन धर्मग्रंथ ज्या भाषेत जतन झाले ती भाषा, आत्मसात केली आणि पुढे बडोद्याच्या महाविद्यालयात तिचे अध्यापन केले. जातककथा, म्हणजे गौतम बुद्धांच्या पूर्वजन्मींच्या मानल्या गेलेल्या कथा, त्यांनी मराठीत आणल्या.

मानसपुत्र : भित्रे, पापभीरू, पण स्वतःला चतुर समजणारे चिमणराव आणि त्यांचा धिप्पाड, धाडसी मावसभाऊ गुंड्याभाऊ ही त्यांची सर्वांत गाजलेली जोडी होय. चिमणराव स्वतःची फजिती स्वतःच गंभीरपणे सांगतात. त्यामुळे वाचकाला जे दिसते ते निवेदकाला, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याला, उमगत नाही आणि या तफावतीतूनच हसू फुटते.

विनोदाची जात : हा विनोद शाब्दिक कोट्यांपेक्षा स्वभावनिष्ठ, म्हणजे माणसांच्या स्वभावातील विसंगतीवर उभा असून, चिमणराव, त्यांची पत्नी काऊ, मुले मोरू, मैना आणि राघू यांच्या संसारातून तो मध्यमवर्गीय जीवनाचे सहानुभूतीने दर्शन घडवतो.

पडद्यावर : 1970 च्या दशकात मुंबई दूरदर्शनच्या मालिकेत दिलीप प्रभावळकर यांनी चिमणराव आणि बाळ कर्वे यांनी गुंड्याभाऊ साकारला, तेव्हा ही जोडी नव्या पिढीपर्यंत पोहोचली.