जुन्या बॅटरीचे काय करावे?

लॅपटॉपची तार काढताच पडदा मालवू लागला, की बॅटरीचे आयुष्य सरत आले असे समजावे. लिथियम-आयन बॅटरी साधारणतः ३०० ते ५०० पूर्ण भारणांनंतर क्षीण होऊ लागते. तो तिच्या रसायनांचा धर्मच आहे. आमच्या सिकंदराबादेत पार्कलेनवरील चेनॉय ट्रेड सेंटर ही संगणकांची बाजारपेठ. तेथे नवी मिळेल. परंतु जुनीचे काय? काटकसर हा आपल्या घरांचा गुण खरा, तथापि फुगलेली बॅटरी कपाटात जपणे ही काटकसर नव्हे. ती टोचल्यास वा दाबल्यास पेट घेऊ शकते. २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यात न टाकता संकलन वा पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडे सोपविणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे. म्हणून नवी घेतानाच जुनीच्या परतीची चौकशी करावी, असे आम्ही वाचकांस आग्रहाने सुचवितो.