वाढती वस्ती, उघडे डोंगर आणि बदलतें हवामान

ठाणें जिल्ह्यांत, उल्हास नदीच्या कांठीं, बदलापूर हें गांव आहे. त्याच्या पश्चिम भागांत हेंद्रेपाडा नांवाची वस्ती आहे. पाडा म्हणजे मूळ गांवापासून कांहींशी अलग पडलेली थोडक्या घरांची वाडी. आज तेथें इमारतींची दाटी झालेली आहे. परंतु नांवांतील ‘पाडा’ हा शब्द जुन्या काळाची साक्ष देत राहिला आहे. २६ जुलै २००५, २७ जुलै २०१९ आणि पुन्हां जुलै २०२१ या तीन प्रसंगीं उल्हास नदीनें आपलें पात्र सोडलें व बदलापूरच्या पश्चिमेकडील सखल वस्त्यांत पाणी शिरलें. २०१९ च्या पुरांत तर बदलापूर व वांगणी या स्थानकांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस ही आगगाडी पाण्यानें वेढली गेली आणि सुमारें एक हजार उतारूंची सुटका करावी लागली.

असें कां व्हावें, या प्रश्नास लोकांच्या तोंडीं दोन उत्तरें असतात. एक म्हणतो, माणसें फार झालीं. दुसरा म्हणतो, झाडें तुटलीं. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे; परंतु तीं जशींच्या तशीं स्वीकारलीं तर खरें कारण हातून निसटतें. वस्ती वाढल्यानें आणि वनें तुटल्यानें जे परिणाम होतात ते तीन निरनिराळ्या ठिकाणीं होतात. कांहीं गांवांतल्या जमिनीवर होतात, कांहीं डोंगरउतारांवर होतात आणि कांहीं साऱ्या पृथ्वीच्या वातावरणांत होतात. हे तीन हिशेब वेगळे मांडल्यावांचून कोणाचें देणें किती, हें समजावयाचें नाहीं.

प्रथम वस्तीचा इतिहास पाहूं. १८५३ सालीं मुंबई ते ठाणें हा लोहमार्ग सुरू झाला. पुढल्या वर्षीं तो कल्याणास पोंचला आणि १८५६ सालीं उल्हासच्या खोऱ्यांतून बोरघाटाच्या पायथ्यापर्यंत गेला. आगगाडी आली तशी या भागांतील जंगलास मोठी बाजारपेठ मिळाली. इमारतींस लागणारें लांकूड, मुंबईच्या चुलींसाठीं सर्पण आणि कोळसा, यांची मागणी ठाणें जिल्ह्याच्या रानांवर पडली. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्कराची विस्तीर्ण छावणी झाली. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या सुमारें एक लक्ष निर्वासितांस त्याच छावणींत आश्रय मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें उल्हासनगर शहराची कोनशिला बसली. पुढें अंबरनाथ येथें कारखाने वाढले. आणि मुंबईंत जागा परवडेनाशी झाली तसा नोकरदारांचा ओघ बदलापुरापर्यंत येऊन पोंचला. कुळगांव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या खानेसुमारींत सुमारें ९८ हजार होती, ती २०११ मध्यें १ लक्ष ७४ हजारांवर गेली. त्याच सालीं अंबरनाथची अडीच लक्षांवर व उल्हासनगरची पांच लक्षांवर भरली.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ही वाढ मुख्यतः पाळण्यांतून झालेली नाहीं, ती स्थलांतरानें झालेली आहे. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब स्वास्थ्य पाहणींत महाराष्ट्रांतील दर स्त्रीमागें अपत्यांचें सरासरी प्रमाण १.७ आढळलें. लोकसंख्या स्थिर राहण्यास तें सुमारें २.१ असावें लागतें. म्हणजे महाराष्ट्रांतील कुटुंबें केव्हांच लहान झालीं आहेत. तरीहि बदलापूर वाढत राहिलें, याचें कारण तेथें जन्मलेलीं मुलें नव्हेत. मुंबईंत काम आहे पण घर नाहीं, हें त्याचें कारण होय.

आतां जमिनीवरील पहिला हिशेब. नदीच्या दोहों बाजूंची सखल जमीन ही वस्तुतः नदीचीच असते. वर्षांतले बहुतेक दिवस ती कोरडी दिसते. परंतु पुराच्या दिवशीं पाणी पसरण्यासाठीं निसर्गानें ती राखून ठेवलेली असते. जेथें पूर्वीं भाताचीं खाचरें होतीं तेथें बांधांनीं पाणी अडत असे व हळूहळू मुरत असे. आतां त्या ठिकाणीं भराव पडला, त्यावर इमारती, फरसबंदी आणि रस्ते आले. पावसाचें पाणी मुरावयास जागा राहिली नाहीं आणि पुराचें पाणी पसरावयास जागा राहिली नाहीं. मग दोन्ही पाणी एकाच वेळीं तळमजल्याचा उंबरठा ओलांडतें.

उष्म्याचेंहि तसेंच आहे. शून्य अंशावरचें एक ग्रॅम पाणी शंभर अंशांपर्यंत तापविण्यास शंभर कॅलरी उष्णता लागते. पण त्याच ग्रॅमभर पाण्याची नेहमींच्या उष्णमानावर वाफ होण्यास सुमारें ५८० कॅलरी खर्ची पडतात. झाडाच्या पानांतून दिवसभर अशी वाफ निघत असते, आणि तिला लागणारी उष्णता सभोंवतालच्या हवेंतून व उन्हांतून घेतली जाते. आंब्याच्या सावलींत जो गारवा लाभतो तो केवळ ऊन अडल्यामुळें नव्हे. माठांतील पाणी ज्या कारणानें गार होतें, त्याच कारणानें झाडाखालची हवाहि निवते. सिमेंटच्या भिंतीस व डांबरी रस्त्यास ही युक्ति साधत नाहीं. त्या दिवसा उष्णता गिळतात आणि रात्रीं ती परत देतात. दाट वस्तीच्या शहरांत उन्हाळ्याच्या रात्रीं शेजारच्या रानापेक्षां अधिक तापदायक होतात त्या यामुळेंच.

दुसरा हिशेब डोंगरांचा. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरांत उगम पावते आणि कर्जत, नेरळ, वांगणी यांवरून बदलापुरास येते. तिच्या खोऱ्यास एका अंगास सह्याद्रीची भिंत आहे, तर दुसऱ्या अंगास माथेरानचा डोंगर. साग, ऐन, खैर, किंजळ, मोह हीं या उतारांवरील जुनीं झाडें. वर्षाकाठीं शंभर इंचांच्या आसपास पडणारा पाऊस प्रथम त्यांच्या पानांवर पडतो, मग खालच्या पाचोळ्यावर, आणि मग मुळांनीं भुसभुशीत केलेल्या मातींत शिरतो. तेथून तो दिवसांनीं, महिन्यांनीं, झऱ्यांच्या वाटे नदीस मिळतो. झाडी गेली कीं पाऊस थेट मातीवर आदळतो, माती वाहून जाते, आणि उघड्या कातळावरून पाणी तासाभरांत खालीं येतें. पावसाळ्यांत जी नदी पात्रांत मावत नाहीं तिचे ओढे उन्हाळ्यांत कोरडे पडतात. या दोन तक्रारी परस्परविरुद्ध नसून एकाच दुखण्याचीं तीं दोन लक्षणें आहेत.

परंतु वनांच्या अंगीं नसलेली शक्ति त्यांस चिकटवूं नये. झाडें लाविलीं कीं पाऊस पडतो, असें पुष्कळांस वाटतें. कोंकणांत पडणारा पाऊस हा मुख्यतः अरबी समुद्रावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांचा आहे. तो झाडांच्या संख्येवर अवलंबून नाहीं. तसेंच, सतत दहा दिवस पाऊस पडून माती तुडुंब भिजली असेल तर घनदाट अरण्यहि महापूर थोपवूं शकत नाहीं. लहान व मध्यम पूर तें पुष्कळ सौम्य करतें, एवढें खरें. मात्र झाडांनीं पुन्हां हवेंत सोडलेलें बाष्प वाऱ्याबरोबर दूर जातें आणि दुसऱ्या प्रदेशाच्या उपयोगी पडतें. पवई येथील आयआयटी या संस्थेंतील संशोधकांनीं २०१८ सालीं असें दाखवून दिलें कीं, नैर्ऋत्य मोसमांत तामिळनाडूवर जो पाऊस पडतो त्याच्या बाष्पाचा मोठा वाटा पश्चिम घाटाच्या वनांतून जातो. सह्याद्रीवरचें झाड तोडलें तर त्याची झळ कावेरीकांठच्या शेतकऱ्यास लागते, ती अशी.

तिसरा हिशेब सर्वांत व्यापक, आणि डोळ्यांस न दिसणारा. तो वातावरणाचा. वाळलेल्या लांकडाचा सुमारें निम्मा भाग कर्ब असतो. शंभर किलो सुकें लांकूड जळलें तर त्यांतील पन्नास किलो कर्ब हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावतो. बारा भाग कर्बास बत्तीस भाग प्राणवायु लागतो, या प्रमाणानें हिशेब केला तर सुमारें १८३ किलो कर्बाम्लवायु, म्हणजेच ज्यास हल्लीं कार्बन डायॉक्साइड म्हणतात तो, तयार होतो. दगडी कोळसा व खनिज तेल हीं तर कोट्यवधि वर्षांपूर्वीं गाडल्या गेलेल्या जीवसृष्टीचींच अवशिष्टें आहेत. तीं जाळणें म्हणजे त्या प्राचीन काळचा कर्ब आजच्या हवेंत मोकळा करणें होय.

हा वायु पृथ्वीभोंवतीं घोंगडीसारखें काम करतो. सूर्याचा प्रकाश तो आंत येऊं देतो, पण तापलेली जमीन जी उष्णता परत आकाशांत टाकते ती तो कांहीं अंशीं अडवून धरतो. जॉन टिंडल या शास्त्रज्ञानें १८५९ सालीं प्रयोग करून हा गुण सिद्ध केला. कारखान्यांचें युग सुरू होण्यापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारें २८० भाग असत. १९५८ सालीं चार्ल्स कीलिंग यानें हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर नियमित मोजणी सुरू केली तेव्हां ते सुमारें ३१५ झाले होते. २०२४ सालीं त्यांनीं ४२० ची मर्यादा ओलांडलेली होती. त्याच्या परिणामीं, २०११ ते २०२० या दशकांत पृथ्वीच्या पृष्ठभागाचें सरासरी उष्णमान १८५० ते १९०० या काळाच्या मानानें सुमारें १.१ अंशानें वाढलेलें आढळलें. १८५० पासून मनुष्यानें हवेंत सोडलेल्या या वायूपैकीं सुमारें तिसरा हिस्सा जंगलें तोडून व जमिनीचा उपयोग बदलून आलेला आहे. अलीकडे मात्र तो वाटा दहाव्या हिश्शाच्या आसपास उतरला आहे. झाडें तुटणें थांबलें म्हणून तो उतरला नाहीं. कोळसा व तेल यांचें जळण अतोनात वाढलें, म्हणून तो लहान दिसतो.

एका अंशाची वाढ ती काय, असें कोणी म्हणेल. हवा एका अंशानें तापली तर ती सुमारें शेंकडा ७ अधिक बाष्प धारण करूं शकते. समुद्रावरून येणारा ढग त्या प्रमाणांत अधिक भारलेला येतो आणि रिता होतांना अधिक जोरानें रिता होतो. पुणें येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारताच्या पट्ट्यांत विस्तीर्ण प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारें तिपटीनें वाढले. त्याच काळांत तेथील मोसमी पावसाची एकंदर बेरीज मात्र घटली होती. पाऊस कमी, पण झोडपणारा, अशी ही विपरीत स्थिति आहे. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एकाच दिवसाच्या पावसाचा संपूर्ण दोष वातावरणाच्या माथीं मारणें शास्त्रास धरून होणार नाहीं. परंतु असे दिवस वरचेवर येण्यास तापलेली हवा साहाय्य करते, हें निश्चित.

आतां देण्याघेण्याचा प्रश्न. जगाची लोकसंख्या १९५० सालीं सुमारें २५० कोटी होती. नोव्हेंबर २०२२ मध्यें ती ८०० कोटींवर गेली. तोंडें वाढलीं तशी अन्नाची, घरांची व जळणाची गरज वाढली, यांत शंका नाहीं. पण सर्वांची गरज सारखी नाहीं. भारतांतील एका माणसामागें दर वर्षीं सुमारें दोन टन कर्बाम्लवायु हवेंत जातो, तर अमेरिकेंतील एका माणसामागें सुमारें चौदा टन. म्हणजे तेथील एक मनुष्य येथील सात मनुष्यांइतका भार वातावरणावर टाकतो. भारतांतहि हें अंतर आहेच. मोळी विकून उदरनिर्वाह करणारी कातकरी बाई आणि थंड यंत्राच्या गारव्यांत बसून मोटारीनें फिरणारा शहरवासी, यांस केवळ ‘दोन माणसें’ म्हणून एकाच ओळींत मोजणें हा हिशेब नव्हे. पूर येतो तेव्हां मात्र तो बहुधा सखल जागेंतल्या तळमजल्यांत राहणाराचेंच घर प्रथम गांठतो. ज्याचें देणें सर्वांत थोडें, त्याच्याकडूनच वसुली आधीं व्हावी, हा या साऱ्या प्रकरणांतील मोठा अन्याय आहे.

तीन हिशेब वेगळे केल्याचा लाभ असा कीं, कोणतें काम कोणीं करावयाचें हेंहि त्यामुळें स्पष्ट होतें. वातावरणांतील कर्ब कमी करणें हें एका गांवाच्या हातचें काम नाहीं. तें राष्ट्रांचें, आणि विशेषतः धनवान् राष्ट्रांचें कर्तव्य आहे. डोंगरावरील झाडी राखणें हें वनखात्याचें आणि तेथें राहणाऱ्या ठाकूर-कातकरी लोकांचें मिळून काम आहे. देवराया ज्या श्रद्धेनें शेंकडों वर्षें टिकल्या तिच्या मुळाशीं तेथील लोकांचा जिव्हाळा होता, हें विसरून चालणार नाहीं. आणि नदीच्या पूररेषेच्या आंत नवें बांधकाम होऊं न देणें, ओढ्यांचीं पात्रें मोकळीं ठेवणें, घरांच्या मधें मातीची मोकळी जमीन व झाडांस जागा सोडणें, हें नगरपालिकेचें आणि नागरिकांचें काम आहे. जग सुधारेपर्यंत तें थांबवून ठेवण्याचें कारण नाहीं. कर्बाचा भार उतरण्यास पिढ्या लागतील. पूररेषेवरील एक बांधकाम मात्र एका ठरावानें थांबतें.

माणसें वाढलीं म्हणून आपत्ति आली, असें म्हणून स्वस्थ बसणें सोपें आहे, कारण त्यांत कोणासच कांहीं करावें लागत नाहीं. हेंद्रेपाड्यासारख्या वस्तींत घर घेणारा मनुष्य तेथें नदीशीं वैर करावयास आलेला नसतो. आयुष्याची मिळकत घालून तो चार भिंती उभ्या करतो. त्यास ती जागा पाण्याची आहे हें आधीं सांगणें, आणि कोरड्या जागेंत त्याच्या ऐपतीचें घर मिळवून देणें, हें ज्या समाजास साधेल त्यासच वाढत्या वस्तीचा व बदलत्या हवामानाचा प्रश्न समजला असें म्हणतां येईल.