पंचक्रोशी : शब्द आणि वाट

‘पंचक्रोशीतील सर्व मंडळी लोटली’ असे वाक्य मराठी वाचकाला नवे नाही. त्यात पंचक्रोशी म्हणजे आसपासची गावे, एवढाच अर्थ उरला आहे. तेथे कोणी कोस मोजीत नाही आणि कोणी चालतही नाही. परंतु मूळ शब्द संख्यावाचक आहे व त्याचा संबंध तीर्थाशी आहे. तीर्थाच्या मध्यबिंदूपासून पाच क्रोशांपर्यंतचे क्षेत्र ती पंचक्रोशी होय. क्रोश हा शब्द ‘क्रुश्’ म्हणजे ओरडणे या धातूपासून आला आहे. हाक जेथवर पोचते ते अंतर, अशी त्याची मूळ कल्पना असून मराठीतील ‘आक्रोश’ या शब्दात तो धातू अद्याप ऐकू येतो. मराठीने शब्दातील प्रदेश ठेवला आणि प्रदक्षिणा सोडली. माळव्यात मात्र पंचक्रोशी हे आजही चालण्याचेच नाव आहे. यासाठी उज्जैनच्या पंचक्रोशी यात्रेचे अवलोकन उद्बोधक ठरते.

ही यात्रा वैशाख कृष्ण दशमीस आरंभते व अमावास्येस पुरी होते. मराठी पंचांग पाहणाऱ्याची येथे फसगत होण्याचा संभव आहे. माळव्यात महिना पौर्णिमेस संपतो. त्यामुळे तेथील वैशाख कृष्ण दशमी ही महाराष्ट्रातील चैत्र वद्य दशमीच होय. तिथी एकच, महिन्याचे नाव तेवढे वेगळे. पुष्कळ यात्रेकरू ठरलेल्या तिथीची वाट न पाहता एकदोन दिवस आधीच निघतात, हेही नमूद केले पाहिजे.

प्रारंभ शहरातील पटनी बाजारात नागचंद्रेश्वराच्या दर्शनाने होतो. तेथून पिंगलेश्वर १२ किलोमीटर, करोहन २३, नलवा २१, अंबोदिया ६, कालियादेह २१, जैथल ७, उंडासा १६ आणि तेथून क्षिप्रेचा तीर १२, अशी एकूण ११८ किलोमीटरांची ही वाट आहे. महाकाल मध्यभागी कल्पून चार दिशांना चार द्वारपाल मानले आहेत. पूर्वेस पिंगलेश्वर, दक्षिणेस कायावरोहणेश्वर, पश्चिमेस बिल्वकेश्वर व उत्तरेस दुर्दरेश्वर. उज्जैनच्या चौऱ्याऐंशी महादेवांच्या गणनेत हे चौघे अखेरचे, म्हणजे ८१ पासून ८४ पर्यंतचे होत. शहरातील गणना संपता संपता वेशीबाहेर पडते आणि खेड्यांत जाऊन पुरी होते. या यात्रेचा सारा आशय या एका क्रमात आला आहे.

भाषाभ्यासकाचे लक्ष वेधून घेतात ती देवाची व गावाची नावे. देवाचे नाव पोथीत राहते, गावाचे नाव तोंडात राहते. पूर्वेस देवाने गावालाच आपले नाव दिले, आणि रेल्वेस्थानकाच्या पाटीवरही तेच आले. पश्चिमेस देव बिल्वाचा, तर गाव अंबोदिया. या ग्रामनामात आंबा ऐकू येतो खरा, पण ऐकू आले म्हणजे व्युत्पत्ती झाली असे नव्हे. उत्तरेस दुर्दरेश्वर आणि जैथल यांचा ध्वनीच्या दृष्टीने काहीच संबंध दिसत नाही. त्या देवाचे उत्तरेश्वर हे दुसरे नाव मात्र दिशेची खूण उघड सांगते.

खरा विचार करण्याजोगे उदाहरण दक्षिणेचे आहे. देव कायावरोहणेश्वर, गाव करोहन. काय आणि अवरोहण, म्हणजे शरीरात उतरणे, असा हा समास आहे. त्यातील दोन स्वरांमध्ये सापडलेले य आणि व हे दुर्बल वर्ण गळाले, स्वर एकत्र आले आणि ‘कारोहण’ असे रूप झाले. हे रूप अर्वाचीन अपभ्रंश समजणे चुकीचे ठरेल. १२८७ च्या, सिंत्रा प्रशस्ति या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिलालेखात लाट देशातील कारोहण येथे शिव लकुलीशरूपाने अवतरल्याचे म्हटले आहे. (हा लेख सोमनाथचा, पण पोर्तुगालमधील सिंत्रा येथे जाऊन पडला, म्हणून त्याला ते नाव.) लाटातील ते स्थान म्हणजे गुजरातेतील कायावरोहण. लोकांच्या तोंडी ते आणखी झिजून ‘कारवण’ झाले. उज्जैनजवळील करोहन हे नाव पाशुपत पंथीयांबरोबर तेथे आले असावे, हा तर्क सयुक्तिक वाटतो. तसे असेल तर एका खेड्याच्या नावात एका संप्रदायाचा प्रवास साठविला गेला आहे. आणि ते नाव व देवाचे पूर्ण संस्कृत नाव ही दोन्ही एकाच मुक्कामावर, एकाच यात्रेकरूच्या तोंडी, शेजारी शेजारी नांदतात.

‘कालियादेह’ यातील उत्तरपद आज देह म्हणजे शरीर असे समजले जाते. ते वस्तुतः ‘दह’ होय. ह्रद या शब्दात वर्णविपर्यय होऊन द्रह व पुढे दह झाले. अर्थाने तो आपला डोह. क्षिप्रेतील या डोहाकाठी माळव्याचा सुलतान नासिरुद्दीन खलजी याने सोळाव्या शतकाच्या आरंभी महाल बांधला, आणि जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात त्या स्थळाचा उल्लेख केला आहे. पुढे शिंद्यांनी १९२० च्या सुमारास त्या महालाचा जीर्णोद्धार केला. मराठ्यांचा या परिसराशी संबंध तेवढाच नाही. यात्रेच्या मध्यबिंदूवरील महाकालाचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी पुन्हा उभविले, आणि १८१० मध्ये दौलतरावांनी ग्वाल्हेरीस राजधानी नेईपर्यंत उज्जैन हेच शिंद्यांचे मुख्य ठाणे होते.

नलवा, कालियादेह आणि उंडासा येथे द्वारपाल नाही. ही गावे यात्रेत आहेत ती माणसाच्या पायांना मर्यादा आहे म्हणून. वैशाखाच्या उन्हात डोक्यावर शिध्याचे गाठोडे घेऊन चालणाऱ्यास करोहनहून थेट अंबोदिया गाठणे जड जाते, म्हणून नलवा हा उपपडाव झाला. चार देवळे मोटारीने एका दिवसात पाहता येतात. अशा पाहणीत देव चारही मिळतील, पण ही तीन नावे यादीतून प्रथम गळतील. क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवावे. ‘बारा कोसांवर भाषा बदलते’ या म्हणीचा हिशेब धरला, तर सुमारे सदतीस कोसांच्या या वाटेवर भाषा तीनदा बदलावयास हवी. प्रत्यक्षात वाट सबंध माळवीच्याच मुलखातून जाते. फरक असेल तो उच्चारात व शब्दांत, आणि तो टिपण्यास मुक्काम करावा लागतो.

निघताना यात्रेकरू नागचंद्रेश्वराकडून ‘बल’ मागून घेतो. अमावास्येस परतल्यावर तो पुन्हा त्याच देवळात जातो, मातीचा घोडा वाहतो आणि घेतलेले बल परत करतो.