दुपारी हरवलेली सावली

विज्ञान रुक्ष वाटणाऱ्यांनी 16 मेच्या सुमारास, दुपारी 12.35ला गच्चीत एक उभट डबा ठेवून पाहावा. त्याची सावली नाहीशी होते! ठाणे, डोंबिवली, कल्याण सुमारे 19.2 उत्तर अक्षांशावर आहेत; उत्तरेकडे सरकणारा सूर्य तेव्हा नेमका आपल्या डोक्यावर येतो. कर्कवृत्तापलीकडच्या दिल्लीकरांना हे भाग्य कधीच नाही. जुलैअखेरीस सूर्य परततो, पण तेव्हा आपल्याकडे ढग. ठाण्याचे पंचांगकर्ते दा. कृ. सोमण असले आकाश सोप्या मराठीत समजावत आले आहेत.

बँकेत शून्य शिल्लक दिसली की खातेदाराचा चेहरा पडे. इथे मात्र अक्षांश घोकून कंटाळलेली माझी नात डबा फिरवफिरवून सावली शोधत बसली, जेवायलाही येईना.