दाखला नसला म्हणून माणूस परका ठरतो काय?

कष्टकऱ्याच्या घरात सोनेनाणे असो वा नसो, एक पत्र्याची पेटी हमखास असते. तिच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले कागद असतात. रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, विजेचे जुने बिल, झोपडीचा फोटोपास. पावसात घरात पाणी शिरले की आपल्या माताभगिनी आधी लेकरू उचलतात आणि मग ही पिशवी.

कागदाची किंमत आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. मुलाची जात पडताळणी करायची म्हणजे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधणे आले. मग आजोबांच्या गावी जाऊन कोतवाल बुकातली नोंद पाहा, गाव नमुना १४ काढा, शाळेचे जुने रजिस्टर उघडायला लावा. ज्या आजोबांना शाळेच्या दारातच उभे केले नाही, त्यांचा शाळेचा दाखला नातवाने आणायचा कुठून? हा प्रश्न आपल्यापैकी हजारो घरांनी सोसला आहे. पण तिथे सवलतीचा प्रश्न असतो. "तू या देशाचाच आहेस, हे सिद्ध कर," असे म्हणून कुणी कागद मागितला तर काय होते, याचा विचार आम्ही या लेखात वाचकांपुढे ठेवत आहोत.

सिद्ध कुणी करायचे?

परदेशातून बेकायदा आलेल्यांना शोधण्याचा आणि परत पाठवण्याचा अधिकार कोणत्याही देशाला असतो. त्याबद्दल आमचा वाद नाही. प्रश्न आहे तो हे ठरवण्याच्या पद्धतीचा.

एखाद्यावर चोरीचा आरोप झाला तर त्याने चोरी केली हे पोलिसांना सिद्ध करावे लागते. परकीय नागरिकांच्या कायद्यात हे उलटे आहे. इंग्रजांच्या काळातल्या १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याच्या ९ व्या कलमाने आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचे ओझे त्या माणसावरच टाकले. तो कायदा रद्द होऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला, पण हे ओझे नव्या कायद्यातही तसेच राहिले.

आसामसाठी १९८३ साली वेगळा कायदा करून हे ओझे आरोप करणाऱ्याच्या बाजूला सरकवले होते. सर्वोच्च न्यायालयाने १२ जुलै २००५ रोजी तो कायदा घटनाबाह्य ठरवला. माणसाचा जन्म कुठे झाला, त्याचे आईबाप कोण, हे त्या माणसालाच सर्वांत चांगले माहीत असते, म्हणून पुरावाही त्यानेच द्यावा, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते.

वरवर हे पटण्यासारखे आहे. पण जन्माची माहिती माणसाजवळ असली तरी जन्माचा कागद त्याच्या हातात नसतो. तो ग्रामपंचायतीच्या, नगरपालिकेच्या, तहसीलदाराच्या कपाटात असतो. तिथे नोंद झाली नाही, चुकीची झाली किंवा रजिस्टर वाळवीने खाल्ले, तर त्यात त्या गरिबाचा काय दोष? श्रीमंताच्या घरी पासपोर्ट असतो, जमिनीचे खरेदीखत असते, बँकेचे जुने पुस्तक असते. भूमिहीन मजुराच्या घरी काय असणार?

आसामचा धडा

या पद्धतीचा सर्वांत मोठा प्रयोग आसामात झाला. १९८५ च्या आसाम करारानुसार २४ मार्च १९७१ ही शेवटची तारीख धरली गेली. तिच्या आधीपासून आपण किंवा आपले पूर्वज इथे होतो, हे राष्ट्रीय नागरिक नोंदणीसाठी प्रत्येकाने दाखवायचे होते. १९५१ च्या नोंदवहीतले नाव, १९७१ पूर्वीची मतदार यादी, जमिनीचे कागद, जुना जन्मदाखला, असे काही हवे होते. कागद आजोबांच्या नावाचा असेल तर आजोबांपासून आपल्यापर्यंतचे नाते जोडणारा आणखी एक कागद हवा. जिथे ब्रह्मपुत्रा दरवर्षी गावेच्या गावे पोटात घेते, तिथल्या माणसांना हे सांगितले गेले.

सुमारे ३ कोटी ३० लाख लोकांनी अर्ज केले. जुलै २०१८ च्या मसुद्यात ४० लाखांवर लोकांची नावे नव्हती. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी अंतिम यादी आली, तेव्हा १९ लाख ६ हजार ६५७ लोक बाहेर राहिले. यात मुसलमान होते, हिंदू होते, आदिवासी होते. काही घरांत बाप यादीत आणि मुलगा बाहेर, तर काही घरांत नवरा आत आणि बायको बाहेर. या कामावर बाराशे कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला. मजुरी बुडवून, गुरेढोरे विकून, कर्ज काढून सुनावणीला जाणाऱ्या गरिबांचा खर्च यात धरलेला नाही.

याशिवाय तिथे परकीय नागरिक न्यायाधिकरणे आहेत. एखाद्याला संशयित ठरवले की त्याला तिथली नोटीस जाते. केंद्र सरकारनेच संसदेत सांगितले आहे की, १९८५ पासून फेब्रुवारी २०१९ पर्यंत ६३,९५९ लोकांना एकतर्फी निकालाने परदेशी ठरवण्यात आले. एकतर्फी म्हणजे तो माणूस हजर नसताना. कुणाला नोटीस मिळाली नाही, कुणी विटभट्टीवर दुसऱ्या जिल्ह्यात होता, कुणाला वाचता येत नव्हते. २०१९ मध्ये तर सुमारे तीस वर्षे भारतीय लष्करात नोकरी केलेल्या एका माणसालाही परदेशी ठरवून कोठडीत टाकले गेले. उच्च न्यायालयाने जामीन दिल्यावर तो बाहेर आला. ज्याने देशासाठी बंदूक धरली त्याची ही गत, तर खडी फोडणाऱ्याचे काय?

लेकीबाळींचे हाल

या साऱ्यात सर्वांत जास्त भरडल्या गेल्या त्या स्त्रिया. कारण समजायला अवघड नाही. गरिबाघरची मुलगी शाळेत फारशी जात नाही. जन्म घरीच, सुईणीच्या हातून. मतदार यादीत नाव यायच्या आधीच लग्न होते. मग तिचे नाव पहिल्यांदा कागदावर येते ते "अमक्याची पत्नी" म्हणून, सासरच्या गावी. ती कुणाची मुलगी, हे सांगणारा एकही कागद तिच्याजवळ नसतो. पुरावा मात्र मागितला जातो तो बापाशी नाते दाखवणारा. नवरा भारतीय असून उपयोग नाही.

अशा स्त्रियांनी ग्रामपंचायत सचिवाचा दाखला दिला होता. ही मुलगी अमक्या गावच्या अमक्याची, लग्न होऊन अमक्या गावी गेली, एवढेच त्यात लिहिलेले असे. गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१७ च्या फेब्रुवारीत हे दाखले निरुपयोगी ठरवले आणि लाखो बायकांच्या पायाखालची जमीन सरकली. अखेर ५ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पडताळणी करून हे दाखले नाते जोडणारा पुरावा म्हणून घेता येतील, असा निर्णय दिला.

आमच्या भगिनींनी इथे क्षणभर थांबून स्वतःच्या कागदांकडे पाहावे. माहेरचे नाव, सासरचे नाव, आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरे, बँकेत तिसरे. आपल्याही घरात हेच आहे.

एका अक्षराचा फरक

नावाच्या स्पेलिंगवरूनही माणसे परकी ठरली. मतदार यादी लिहिणारा कारकून ऐकेल तसे नाव लिहितो. १९६६ च्या यादीत एक, १९७० च्या यादीत दुसरे. वयात दोनचार वर्षांचा फरक. एवढ्यावरून "हा बाप तुझा नव्हेच," असे म्हटले गेले.

११ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आसामातल्या एका गरीब माणसाच्या खटल्यात याबद्दल स्पष्ट शब्दांत सांगितले. कायद्याने ओझे माणसावर टाकले असले, तरी पोलिसांनी वाटेल त्याचे दार ठोठावून "आम्हाला तू परदेशी वाटतोस" असे म्हणायचे, हे चालणार नाही. संशयाला आधार काय, हे आधी दाखवले पाहिजे. तो आधार त्या माणसालाही दिला पाहिजे, नाहीतर तो उत्तर कशाला देणार? आणि नावातल्या, तारखेतल्या किरकोळ फरकावरून नागरिकत्व हिरावून घेता येत नाही. न्यायालयाने त्याला भारतीय ठरवले. पण हा निकाल आला तेव्हा तो माणूस जिवंत नव्हता, असे पुढे वृत्तपत्रांत आले. न्याय घरी पोहोचला, पण न्याय मागणारा गेला होता.

आपल्या दारापर्यंत

हे दूर आसामात चालले आहे, आपल्याला काय त्याचे, असे कुणी म्हणू नये. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पोट भरायला आलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपार धाडण्यात आले. ते भारतीय असल्याचे कागद त्यांच्या राज्याने पुढे केले, तेव्हा त्यांना परत आणावे लागले. त्याच महिन्यात दिल्लीतून एका गर्भवती बाईला कुटुंबासह असेच सीमेपार पाठवले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी कलकत्ता उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. ती माता आणि तिचा आठ वर्षांचा मुलगा परत यायला डिसेंबर उजाडला.

भाषा, पेहराव, वस्ती पाहून संशय घेतला की त्यात गरीबच सापडतो. बांधकामावर, भंगाराच्या धंद्यात, नाक्यावर उभा असलेला मजूर आपल्याच शेजारचा असतो. आज त्याला त्याच्या बोलीवरून अडवले, उद्या विदर्भातून किंवा मराठवाड्यातून परराज्यात कामाला गेलेल्या आपल्या पोरालाही कुणी अडवू शकते.

आणि आधार कार्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आधारच्या २०१६ च्या कायद्यातच लिहिले आहे की, आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कुणी नागरिक ठरत नाही, असे म्हटले.

घटना काय सांगते?

नागरिकत्वाच्या कलमाने मसुदा समितीला फार डोकेदुखी दिली, असे बाबासाहेबांनी १० ऑगस्ट १९४९ रोजी घटना समितीत सांगितले होते. फाळणीने लाखो माणसे इकडची तिकडे झालेली. तरीही घटनेच्या १४ व्या आणि २१ व्या कलमात "नागरिक" हा शब्द नाही, "व्यक्ती" हा शब्द आहे. कायद्यापुढे समानता आणि जीविताचे रक्षण हे या भूमीवरच्या प्रत्येक माणसाला आहे.

या शब्दाचे मोल चकमा बांधवांना विचारावे. हे बहुतांशी बौद्ध लोक. काप्ताई धरणात त्यांची शेते बुडाली, छळ झाला आणि १९६४ पासून ते चितगाव डोंगराळ भागातून भारतात आले. शासनानेच त्यांना आजच्या अरुणाचलात वसवले. पुढे त्यांना "चालते व्हा" म्हणून धमक्या आल्या. तेव्हा ९ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला बजावले की, नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे व स्वातंत्र्याचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे.

आपण काय करावे?

घाबरून जाऊ नये, पण गाफीलही राहू नये. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच भारतीय आहे, मग आईबाप कुठलेही असोत. १ जुलै १९८७ पासून २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्यांच्या आईबापांपैकी एक जण भारतीय असावा लागतो. त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत दोघेही भारतीय हवेत किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणून जन्माचा दाखला हा मूळ कागद. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशापासून मतदार नोंदणीपर्यंत हाच दाखला लागणार आहे. बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांत करावी, पैसे पडत नाहीत. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दलालाला पैसे देऊन खोटा दाखला कदापि करू नये, त्याने खरा माणूसही खोटा ठरतो.

लेकीचे लग्न लावून देताना भांड्याकुंड्यांसोबत तिचा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला जरूर द्यावा. नावातला फरक वेळीच दुरुस्त करून घ्यावा. आजोबांचे कागद एकाच भावाकडे असतील तर बाकीच्यांनी प्रती काढून ठेवाव्यात.

पोलिसांनी कुणाला नेलेच, तर अटकेचे कारण विचारावे. २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे आणि वकील मिळणे हा घटनेच्या २२ व्या कलमाने दिलेला हक्क आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. नोटीस आली तर ती कुणाकडून तरी वाचून घ्यावी आणि तारीख चुकवू नये. आसामातल्या हजारो लोकांचे नशीब एका चुकलेल्या तारखेने फिरले.

विहारात रविवारी मंडळी जमतात. शिकलेल्या तरुणांनी एक टेबल मांडावे आणि वस्तीतल्या एकेका घराचे कागद तपासून द्यावेत. शेजारी कोणत्या धर्माचा, कोणत्या प्रांताचा हे पाहू नये. त्याचीही पिशवी उघडून पाहावी.