लांबची सायकल नुसत्या दमावर चालत नाही

फजरनंतर नरडाण्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने शिरपूर किंवा धुळे गाठायचं, तर आपण दम वाढवायचाच विचार करतो. पण लांबच्या फेरीत बऱ्याचदा दमाआधी कंबर, मान आणि गुडघे बोलू लागतात.

हिशोब सोपा आहे. मिनिटाला 80 वेळा पायडल फिरलं, तर तासाला 4,800 फेरे होतात. पायांत ताकद जास्त असेल, तर प्रत्येक फेऱ्याला तिचा कमी हिस्सा लागतो आणि थकवा उशिरा येतो. शिवाय सायकलवर अंगाचा भार सीटवर असतो, म्हणून हाडांना पुरेसा ताण मिळत नाही. तो वजनाच्या व्यायामातून मिळतो.

नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने, 12 दिवसांच्या आत पूर्ण केली. आपल्याला तेवढं जायचं नाही. पण 50 किलोमीटरलाही मजबूत कंबर लागतेच.

जिम नसली तरी अडत नाही. आम्ही सुचवतो: आठवड्यातून दोनदा बैठका, जोर आणि 5 लिटर पाण्याची कॅन धरून पायरी चढ-उतार. प्रत्येकी 8-10 वेळा, तीन फेऱ्या. वजन हळूहळू वाढवा. गुडघा दुखला तर थांबा, डॉक्टरांना दाखवा. घरातल्या मुलींनाही हे घरीच जमेल. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. ती सांभाळणं आपलं काम.