मूळ लेख हाती आल्यावर : 'अब्राहामाचा ग्रंथ' आणि इजिप्शियन पपायरस

प्राचीन ग्रंथांच्या सत्यतेविषयी जे वाद माजतात त्यांतील बहुतेकांची अडचण एकच असते. ज्या मूळ लेखावरून ग्रंथ सिद्ध झाला असे सांगितले जाते, तो लेखच उपलब्ध नसतो. मग वादी आणि प्रतिवादी दोघेही अनुमानाचा आश्रय करतात आणि अनुमानाला प्रत्यक्षाची कसोटी न मिळाल्यामुळे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतो. अमेरिकेतील मॉर्मन पंथाच्या एका धर्मग्रंथाच्या बाबतीत मात्र विलक्षण योग जुळून आला. नष्ट झाले असे सर्वांनी धरून चाललेले मूळ लेख, ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर सव्वाशे वर्षांनी सापडले आणि तोवर ते वाचण्याची विद्याही जगाला अवगत झाली होती. इतके झाल्यावर वाद मिटावयास हवा होता. तो मिटला नाही. तो का मिटला नाही, हे जुन्या ग्रंथांचे अध्यापन करणाऱ्यांना विचार करण्यासारखे आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगणे अवश्य आहे. मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांचा जन्म १८०५ साली झाला. १८३० साली त्यांनी 'मॉर्मनचा ग्रंथ' प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी आपल्या पंथाची स्थापना केली. हा ग्रंथ सुवर्णपत्रांवर 'सुधारलेल्या इजिप्शियन' लिपीत कोरलेला होता आणि ईश्वरी देणगीच्या सामर्थ्याने आपण त्याचे भाषांतर केले, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे ती पत्रे देवदूताच्या स्वाधीन झाली, असे पंथाचे अनुयायी मानतात. अर्थात मूळ आणि भाषांतर शेजारी ठेवून पाहण्याचा मार्ग तेथे बंदच झाला. आपला विषय आहे तो दुसरा ग्रंथ. त्याचे मूळ देवदूताने नेले नाही. ते बाजारात विकत घेतले गेले आणि बाजारातच पुन्हा विकले गेले.

१८३५ च्या जुलै महिन्यात मायकेल चँडलर नावाचा एक फिरता प्रदर्शक चार इजिप्शियन ममी आणि त्यांच्याबरोबर सापडलेले पपायरसचे लेख घेऊन ओहायओ राज्यातील कर्टलंड या गावी आला. अंतोनिओ लेबोलो या इटालियन उत्खनकाने थिब्जच्या परिसरातून मिळविलेल्या ममींपैकी त्या होत्या. स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सारा संग्रह २,४०० डॉलरांना विकत घेतला. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. त्यांतील एका लेखात अब्राहामाचा वृत्तांत आहे असे स्मिथ यांनी जाहीर केले आणि १८४२ साली इलिनॉय राज्यातील नॉव्हू येथील पंथाच्या नियतकालिकातून 'अब्राहामाचा ग्रंथ' क्रमशः प्रसिद्ध होऊ लागला. अब्राहामाने स्वहस्ते पपायरसवर लिहिलेला लेख, असा त्याच्या मथळ्यातील दावा होता. मजकुराबरोबर तीन चित्रांच्या प्रतिकृती छापल्या होत्या आणि चित्रांतील आकृतींना क्रमांक देऊन त्यांचे अर्थही सांगितले होते. १८८० साली या ग्रंथाला पंथाच्या अधिकृत धर्मग्रंथांत स्थान मिळाले.

येथे काळाचा एक योगायोग ध्यानात घेतला पाहिजे. शाँपोलियाँ या फ्रेंच पंडिताने इजिप्शियन चित्रलिपीची गुरुकिल्ली १८२२ साली जाहीर केली होती. पण त्याचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १८३६ मध्ये छापून निघू लागले. म्हणजे चँडलर कर्टलंडला आला तेव्हा तेथे कोणालाही हे लेख वाचता येणे शक्य नव्हते. स्मिथ यांचे भाषांतर तपासणार कोण?

तपासणी लवकरच सुरू झाली, पण ती केवळ छापील प्रतिकृतींवरून. १८६० च्या सुमारास तेओद्यूल देव्हेरिया या फ्रेंच विद्वानाने ही चित्रे सामान्य अंत्यविधीची आहेत असे मत दिले. १९१२ साली यूटातील एका बिशपने पीट्री, ब्रेस्टेड, सेस आदी विद्वानांची मते मागवून एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तीही सर्व प्रतिकूल होती. परंतु पंथाच्या बाजूने उत्तर तयार होते : मूळ पाहिल्यावाचून छापील ठशावरून निर्णय कसा द्यावा? आक्षेप अगदीच निराधार नव्हता. आणि मूळ तर गेले होते. स्मिथ यांचा १८४४ साली जमावाकडून वध झाला. १८५६ साली त्यांच्या पत्नीने तो संग्रह विकून टाकला. त्याचा काही भाग शिकागोच्या एका संग्रहालयात पोचला आणि १८७१ च्या तेथील महाभयंकर आगीत भस्मसात झाला. सर्वच जळाले, अशी पुढे समजूत झाली.

पण सर्व जळाले नव्हते. काही तुकडे निराळ्या मार्गाने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आले होते. १९६६ साली यूटा विद्यापीठातील प्राध्यापक अझीझ अतिया यांच्या दृष्टीस ते पडले. सोबत १८५६ चे विक्रीपत्रही होते. २७ नोव्हेंबर १९६७ रोजी संग्रहालयाने ते अकरा तुकडे मॉर्मन पंथाच्या स्वाधीन केले. पहिल्या प्रतिकृतीचे मूळ चित्र त्यांत होते, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती छायाचित्रे पंथाने स्वतःच १९६८ च्या आरंभी आपल्या मासिकात प्रसिद्ध केली, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे द्योतक मानले पाहिजे.

विद्वानांनी ते वाचले. १९६८ सालीच शिकागोच्या क्लाऊस बेअर यांचे भाषांतर प्रसिद्ध झाले. पुढे पंथातील मायकेल ऱ्होड्स आणि पंथाबाहेरील रॉबर्ट रिटनर यांनीही स्वतंत्र आवृत्त्या सिद्ध केल्या. लेखांच्या स्वरूपाविषयी त्यांच्यात मूलभूत मतभेद नाही. एक लेख होर नावाच्या थिब्ज येथील पुरोहिताबरोबर पुरावयाचा 'श्वसनाचा लेख' आहे. मृताला परलोकी पुन्हा श्वास लाभावा, देवांच्या सभेत प्रवेश मिळावा, हा त्याचा हेतू. दुसरे तुकडे मुख्यतः एका स्त्रीसाठी लिहिलेल्या 'मृतांच्या ग्रंथा'चे आहेत. हे सर्व लेख ख्रिस्तपूर्व शेवटच्या काही शतकांतले. अब्राहामाच्या परंपरागत काळानंतर सुमारे दीड सहस्र वर्षांनी लिहिलेले. त्यांत अब्राहामाचे नाव कोठेही नाही.

पहिल्या चित्राचेच उदाहरण घेऊ. सिंहाच्या आकाराच्या पलंगावर एक पुरुष उताणा पडलेला आहे, शेजारी एक आकृती उभी आहे, वर पक्षी आहे आणि खाली चार पात्रे आहेत. स्मिथ यांच्या मते वेदीवर बांधलेला पुरुष अब्राहाम, त्याचा बळी देऊ पाहणारा मूर्तिपूजक पुरोहित ती उभी आकृती, पक्षी हा ईश्वराचा दूत आणि चार पात्रे म्हणजे चार परकीय देव. इजिप्तविद्येच्या मते पडलेला पुरुष म्हणजे ओसिरिसरूप झालेला मृत होर, उभा आहे तो त्याला पुनरुज्जीवित करणारा कोल्ह्याच्या मुखाचा देव अनुबिस आणि ती पात्रे म्हणजे मृताची आतडी वगैरे ठेवण्याची, होरसच्या चार पुत्रांच्या मस्तकांची भांडी. मूळ तुकड्यात उभ्या आकृतीचे मस्तक तुटून गेले आहे. ज्या कागदावर तो तुकडा चिकटवला आहे त्यावर रिकाम्या जागी पेन्सिलीने रेषा ओढून ती जागा भरण्याचा प्रयत्न केलेला दिसतो. छापील चित्रात तेथे मनुष्याचे मस्तक आले.

याहून बोलका पुरावा कर्टलंडच्या हस्तलिखितांत आहे. स्मिथ यांच्या लेखनिकांनी लिहिलेल्या काही पानांवर डाव्या समासात एकेक इजिप्शियन अक्षर आणि त्यासमोर इंग्रजी मजकुराचा मोठा परिच्छेद अशी मांडणी आहे. ही अक्षरे त्या पहिल्या चित्राला लागून असलेल्या तुकड्यावरची आहेत. ती हायरॅटिक लिपीत आहेत. बाळबोधीपुढे मोडीचे जे स्थान, साधारणतः तेच चित्रलिपीपुढे या लवकर लिहिण्याच्या वळणाचे होते. त्या ओळींचा खरा आशय असा, की हा श्वसनाचा लेख उत्तम तागी वस्त्रात गुंडाळून मृताच्या डाव्या बाहूखाली, हृदयाजवळ ठेवावा. समोरच्या इंग्रजी परिच्छेदांत मात्र अब्राहामाचे चरित्र आहे.

पंथाच्या समर्थक विद्वानांनी यावर जी उत्तरे दिली ती टाळून पुढे जाणे न्याय्य होणार नाही. पहिले उत्तर असे : गुंडाळीचा बराच भाग नाहीसा झाला आहे आणि अब्राहामाचा लेख त्यात असला पाहिजे. गुंडाळलेल्या पपायरसवर झीज प्रत्येक वेढ्यात पुन्हा उमटते आणि आतील वेढा लहान होत जातो. त्यावरून हरवलेल्या भागाची लांबी काढता येते. पण एका समर्थकाच्या गणिताने ती सुमारे ४१ फूट निघाली, तर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या गणिताने अवघी ५६ सेंटिमीटर. दुसरे उत्तर असे, की ग्रंथातील काही प्रसंग प्राचीन ज्यू परंपरेशी जुळतात. ते खरे आहे. मूर्तिपूजकांच्या तावडीतून अब्राहाम सुटल्याच्या कथा जुन्या आहेत. परंतु अब्राहामाने इजिप्शियनांना ज्योतिष शिकविल्याची कथा जोसीफसच्या इतिहासात होती आणि त्याचे इंग्रजी भाषांतर त्या काळच्या अमेरिकेत घरोघरी होते. शिवाय ग्रंथातील काही हिब्रू शब्दांची धाटणी, स्मिथ ज्यांच्याजवळ १८३६ साली हिब्रू शिकले त्या शिक्षकाच्या लेखनपद्धतीशी जुळते.

तिसरे उत्तर सर्वांत विचारार्ह आहे. पपायरस हा केवळ निमित्तमात्र झाला; ग्रंथ साक्षात्काराने आला, असे ते म्हणते. स्मिथ यांनी बायबलची सुधारित आवृत्ती हिब्रू वा ग्रीक मूळ समोर न ठेवता तयार केली आणि तिलाही 'भाषांतर'च म्हटले. तेव्हा त्या शब्दाचा त्यांच्या मनातील अर्थ निराळा होता. २०१४ साली पंथाने प्रसिद्ध केलेल्या निवेदनात उपलब्ध तुकड्यांवरील अक्षरे ग्रंथाच्या मजकुराशी जुळत नाहीत, हे मान्य करून हा पर्यायही मांडला आहे.

येथे वादाचे खरे मर्म आहे. 'हा ग्रंथ अस्सल आहे काय?' या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. हे त्या लेखाचे भाषांतर आहे काय, हा पहिला. हे ईश्वरी वचन आहे काय, हा दुसरा. पहिल्याचा निर्णय प्रत्यक्ष आणि अनुमान या प्रमाणांनी होतो, आणि तो झाला आहे : उपलब्ध लेखांचे ते भाषांतर नाही. दुसरा शब्दप्रामाण्याचा प्रश्न आहे; त्याचे उत्तर कोणतेही व्याकरण देऊ शकत नाही. समर्थकांची चूक ही, की दुसऱ्यावरील श्रद्धेसाठी त्यांनी दीर्घकाळ पहिल्याचा आधार घेतला. टीकाकारांची चूक ही, की पहिला जिंकला म्हणजे दुसराही आपोआप जिंकला असे ते मानतात. भाषांतर या शब्दाचा अर्थ विस्तारण्यास कोणाची ना नाही. पण मथळ्यात स्वहस्ताक्षराचा दावा छापलेला असता तो विस्तार वाचकाला स्पष्ट सांगितला पाहिजे.

हा केवळ पंडितांचा खल नव्हे. या ग्रंथातील फारोच्या वंशाला पौरोहित्याचा अधिकार नाही असे सांगणारी वचने, कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य नाकारण्याच्या समर्थनार्थ अनेक दशके पुढे केली जात. तो निर्बंध १९७८ च्या जूनमध्ये उठला. होरच्या बाहूखाली ठेवावयाच्या लेखाशेजारी मांडलेल्या या परिच्छेदांवरून जिवंत माणसांना मंदिराच्या दारातून परत जावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे 'मूळ पाहू द्या' ही मागणी अश्रद्धेची नव्हे, न्यायाची ठरते.

आपल्याकडेही पोथी शोधण्याची परंपरा श्रद्धावानांनीच घातली आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ काढून टाकण्याचे काम शके १५०६ मध्ये एकनाथांनी केले, ते भक्तीपोटीच. मूळ लेख काय सांगतो हे आधी नीट वाचावे आणि मग त्यापुढे आपली श्रद्धा कोठे उभी आहे ते ज्याचे त्याने ठरवावे, हा क्रम त्यांनी घालून दिला. मॉर्मन समाजातील आजचे अनेक अभ्यासक त्याच क्रमाने चालले आहेत. त्यांची वाट सोपी नाही. पण मूळ हाती आल्यावर दुसरी वाट उरतही नाही.